सूचना : कांदाचाळीतला (साठवणीच्या हवेशीर शेडमधला) कांदा या आठवड्यात निवडून घ्या

सर्व सभासदांना कळकळीची विनंती. दमट हवेत एक कांदा सडला की त्याचं पाणी खालच्या थरांना लागतं. उघडीप मिळताच चाळ तपासा. ढीग पाच फुटांपेक्षा उंच असेल तर कमी करा.

कोंब फुटलेला पण घट्ट कांदा खायला चांगला असतो. तो लगेच खानावळींना द्या. गोल्टी (आकाराने लहान कांदा) आणि जोडकांदा गटाच्या ड्रायरवर चकत्या करून वाळवू. वाळवायला माल देणाऱ्यांनी नावं शनिवारपर्यंत कळवावीत.

सडका माल रस्त्याकडेला नको. शेणमातीच्या थरांत कुजवा, मात्र ते खत पुन्हा कांद्याच्या वावरात घालू नका, रोग परततो. आणि जनावरांपुढे कांद्याचे ढीग टाकू नका! जास्त कांदा खाल्ल्यास रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जनावर दगावू शकतं.

– सचिव, शेतकरी गट