गोऱ्ह्यासाठी धावलेल्या सगळ्यांचे आभार

मूतखड्याने गोऱ्ह्याची लघवी तुंबली होती. मग तो एकदम शांत झाला. आम्हाला वाटलं, सुटला! पण मूत्राशय फुटलं की कळ थांबते आणि पोट फुगू लागतं, हे ओळखलं ते दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी. पोटातल्या पाण्यातलं क्रिएटिनिन (लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) रक्तातल्याच्या दुपटीहून जास्त निघालं, म्हणजे ती लघवीच. आधी सलाइन, मग ऑपरेशन. मूत्राशय शिवून फोलीची नळी (लघवी बाहेर काढणारी रबरी नळी) पोटातून बाहेर काढली. लघवी आम्लधर्मी होऊन खडा विरघळावा म्हणून नवसागर सुरू आहे.

मॅडम, रात्री टेम्पो काढणारे काका, उधारीवर नळी देणारे मेडिकलवाले दादा, बॅटरी धरून उभी राहिलेली शिकाऊ पोरं, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. नळी चिमट्याने बंद करून पाहिली; आता गोऱ्हा स्वतःच धार सोडतो. (पोरांच्या पँटी भिजल्या, तेवढं माफ करा.)