मंडळीचे ऐक्य आणि मंडळीचा कारभार

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २९ नोव्हेंबरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांमध्ये, ऐक्याची उपासना होते. १९७० साली याच दिवशी, नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळ्यांचे आधीच एकत्र आलेले युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, असे ते सहा प्रवाह होते. या ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती, म्हणजे त्यासाठी चाळीस वर्षे खर्ची पडली. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळीने अगदी शेवटच्या टप्प्यावर माघार घेतली, ती सल जुन्या पिढीच्या मनातून अजूनही गेलेली नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना या ऐक्याची गरज पुस्तकातून कळलेली नव्हती. मिशनांनी जिल्हे आपसांत वाटून घेतले होते. अहमदनगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, जालना आणि नागपूरकडे स्कॉटिश मिशनरी, नाशिकच्या शरणपूरला अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी. त्यामुळे आपण प्रेस्बिटेरियन की अँग्लिकन, हे पुष्कळदा आजोबा कोणत्या तालुक्यात राहत होते यावर ठरले. नगर जिल्ह्यात तर अमेरिकन मिशन आणि इंग्रजांचे अँग्लिकन एस.पी.जी. मिशन शेजारी शेजारी काम करीत होते आणि त्यांचे वाद गावातल्या नव्या ख्रिस्ती माणसांना सोसावे लागले. दुसऱ्या देशात, दुसऱ्या शतकात पडलेल्या फुटी आपल्या वस्तीत येऊन राहिल्या होत्या. त्या बाजूला ठेवण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

त्यांनी मतभेद मिटले असे खोटे सांगितले नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. बालकाचा बाप्तिस्मा आणि वयात आल्यावर विश्वासाची कबुली देऊन घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही रीती त्यांनी एकाच मंडळीत मान्य केल्या. कोणाची पाळकपदाची दीक्षा खरी आणि कोणाची अपुरी, या सर्वांत नाजूक प्रश्नावर त्यांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवले आणि ज्याच्यात जे उणे असेल ते देवाने भरून काढावे अशी प्रार्थना केली. कारभारातही बिशप, पाळकवर्ग (पाद्री) आणि सामान्य सभासद या तिघांना स्थान दिले, कारण प्रत्येक परंपरेने यांपैकी एकावर भर दिला होता आणि कोणालाच आपले सोडून येण्यास सांगायचे नव्हते.

आज ढळला आहे तो नेमका हाच तिसरा, सामान्य सभासदांचा आधार, असे माझे प्रामाणिक मत आहे. नामफलकावर ऐक्य आहे, परंतु मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत वर्षानुवर्षे तीच चार घराणी दिसतात. माझ्या परिचयाच्या एका मंडळीत वार्षिक सभा उपासनेनंतर लगेच न घेता दुपारी उशिरा ठेवली जात असे. खेड्यावरून आलेले सभासद एसटी चुकू नये म्हणून निघून जात आणि मग हिशेब, ठराव आणि निवडणूक शहरातली पंचवीस-तीस माणसे उरकून टाकत. नियमांचा भंग झाला असे म्हणता येणार नाही. पण ज्यांच्या दानार्पणावर मंडळी उभी आहे, त्यांना आपल्या मंडळीत पाहुण्यासारखे राहावे लागले.

यात जातीचा प्रश्नही आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. बाप्तिस्मा एक, प्रभुभोजनाचा मेज एक, पण सोयरीक आणि मतदान पुष्कळ ठिकाणी पूर्वाश्रमीच्या जातीच्या हिशेबाने होते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना आपल्या घरात हा भेद असल्याचे मान्य केले. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही तितक्याच स्पष्टपणे बोलावे.

सभासदांना सोबत न घेता केलेले ऐक्य कोठे जाते, याचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. तेथील ब्रदरन मंडळ्यांच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातील विलीनीकरणाला काही सभासदांचा विरोध होता. तो वाद न्यायालयात गेला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ ठरावाने सार्वजनिक न्यासाची मिळकत नव्या मंडळीकडे जात नाही, त्यासाठी मुंबई सार्वजनिक न्यास कायद्याची रीत पाळावी लागते. चार दशके भावाने भावाविरुद्ध वकील दिला. कायद्याचा मुद्दा रास्तच आहे, पण इतकी वर्षे उपासनेला शेजारी बसलेल्यांची मने कशी राहिली असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

स्त्रियांविषयी तर काय सांगावे! घरोघरी प्रार्थना घेणाऱ्या, आजाऱ्याकडे आधी पोहोचणाऱ्या, नाताळच्या प्रेमभोजनाचा सारा भार उचलणाऱ्या त्याच असतात. खजिनदार किंवा चिटणीस निवडताना मात्र त्यांचे नाव सुचवणारा कोणी उठत नाही. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली नंद्याळच्या धर्मप्रांतावर एका स्त्रीला बिशप म्हणून नेमले. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या कॅथलिक सिनडमध्ये, म्हणजे धर्मसभेत, स्त्रियांना प्रथमच मताचा अधिकार मिळाला. इतक्या जुन्या आणि शिस्तबद्ध संस्थेला हे पाऊल टाकता येते, तर आपल्या तालुक्याच्या मंडळीला अडचण कोणती?

ही शिकवण आपल्याला बाहेरून आणावी लागणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यांनी एकत्र बोलावले. मिशनचा पगार आधीच सोडून दिल्यामुळे त्यांना कोणाची परवानगी मागायची नव्हती. त्यांची भजने आज पंथ न विचारता मराठी मंडळ्यांमध्ये गायली जातात. पेटीच्या सुरावर आपण एक होतो आणि कमिटीच्या खोलीत दूर होतो, हे दुःख मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

म्हणून माझी मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि कमिट्यांना नम्र विनंती आहे. यंदा २९ नोव्हेंबरच्या उपासनेत मागील वर्षाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा आणि त्याची प्रत मंडळीच्या फलकावर लावावी. पुढील निवडणुकीत किमान एक पदाधिकारी स्त्री असावी आणि खेड्यांवरील सभासदांचा एक प्रतिनिधी कमिटीत असावा. १८ ते २५ जानेवारी या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात एक संध्याकाळ मेथडिस्ट आणि कॅथलिक बंधुभगिनींसोबत घालवावी, आणि त्या संध्याकाळी बोलायला दरवेळचेच वक्ते न बोलावता तरुण संघातील मुलामुलींना उभे करावे. वार्षिक सभा मात्र सकाळच्या उपासनेला जोडूनच घ्यावी, म्हणजे खेड्यावरच्या माणसाला मत देऊन दुपारची एसटी पकडता येईल.

आपला विश्वासू,
मंडळीचा एक सभासद,
अहिल्यानगर