बुखारेस्टच्या राजवाड्याजवळचे चर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या प्रवास पुरवणीतील रुमानियाची राजधानी बुखारेस्टच्या संसद भवनावरचा, म्हणजे तिथल्या ‘संसदेच्या राजवाड्या’वरचा लेख वाचला. झुंबरे, गालिचे, संगमरवर, सगळे वर्णन बरोबर आहे. पण ते तिथल्या गाईडने पाठ म्हणून दाखवावे तसेच आहे.

ही इमारत आम्ही यंदा पाहिली. दारात पासपोर्ट दाखवायचा, विमानतळासारखी झडती द्यायची आणि मग तासभर आकडे ऐकायचे: ३,६५,००० चौरस मीटर क्षेत्रफळ, ८४ मीटर उंची, जगातली सर्वांत वजनदार इमारत. ती बांधवून घेणारा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउसेस्कू, त्याच्या पावलाला जमेना म्हणून जिना पाडून पुन्हा बांधला, हा किस्सा सांगितल्यावर आमच्या गटात चांगलाच हशा पिकला. (मीही हसलो.)

पायाखालच्या उरानुस वस्तीबद्दल मात्र चकार शब्द नाही! १९७७च्या भूकंपाचे निमित्त साधून चाउसेस्कूने जुन्या शहरावर नांगर फिरवला. घरे, मठ, चर्च जमीनदोस्त झाली. सुमारे ४०,००० लोकांना बिऱ्हाडे हलवावी लागली, असे सांगतात. १९८४मध्ये बांधकाम सुरू झाले, तेव्हा पाव, तेल, साखर रेशनवर होती आणि परदेशी कर्ज फेडायचे म्हणून ऐन थंडीत घरे गरम करण्यावरही काटछाट होती. डिसेंबर १९८९मध्ये चाउसेस्कूला गोळ्या घातल्या, तेव्हाही काम अपुरेच होते.

इमारत पाडायला हवी होती, असे मला वाटत नाही. आज तिथे संसद भरते, एका भागात समकालीन कलेचे संग्रहालय आहे. एवढा पैसा आणि घाम गाळून उभे केलेले पुन्हा पाडणे म्हणजे दुसरी उधळपट्टी. पण तिकीट घेऊन आलेल्याला निदान पुरी हकिकत तरी सांगा!

ती जवळच दिसते. सोळाव्या शतकातले मिहाई व्होडा चर्च वाचवण्यासाठी अभियंता युजेन योर्दाकेस्कू यांनी १९८५मध्ये ते पायापासून सोडवून, रुळांवरून २८९ मीटर सरकवले. त्याचा मठ मात्र पाडला गेला. आता हे विटांचे देखणे चर्च उंच निवासी इमारतींच्या मागे असे कोंबले आहे की पत्ता विचारत गेल्याशिवाय सापडत नाही. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात ते नव्हतेच. दुपारच्या मोकळ्या वेळात आम्ही दोघे चालत गेलो.

पुरवणीत पुन्हा बुखारेस्ट आले, तर राजवाड्याशेजारी या चर्चचाही फोटो छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे