कंडक्टरकाका पहिला आला

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर गो-कार्टिंगचा विषय निघाला आणि तू "बघू, नक्की नाही" म्हणून तो मेसच्या आमटीवर नेलास. मी ओळखलं. जायचं तर तुला आहे. पण ग्रुपमधल्या सगळ्यांना गाडी येते, दोघांकडे घरची चारचाकी आहे, आणि एसटी ड्रायव्हरची पोरगी असून तुला अजून स्कूटीसुद्धा येत नाही. सगळ्यांत मागे राहिले तर वर्षभर चिडवतील, हेच ना? फोनवर बोलायला लागलो असतो तर तू "बाबा, मैत्रीण आलीय" म्हणून ठेवला असतास, म्हणून लिहितोय.

तुला सांगायचं राहून गेलं, गेल्या महिन्यात मीही तो प्रकार करून आलोय. मेस्त्रीकाका वर्कशॉपमधून निवृत्त झाला. हार, नारळ, शाल, साहेबांचं भाषण, सगळं रीतसर झालं. मग त्याच्या लेकाने आम्हाला गाडीत घातलं आणि हायवेलगतच्या एका ट्रॅकवर नेऊन सोडलं. मी, मेस्त्रीकाका, फोंडा घाटात जन्म काढलेले मामा आणि माझा जुना जोडीदार कंडक्टरकाका. चौघांपैकी एकानेही तो प्रकार आधी केला नव्हता.

गाडी बघून मामा हसलेच. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, कडेला इंजिन आणि एक प्लास्टिकची सीट. दार नाही, टप नाही, कमानपाटे नाहीत, शॉकअब्झॉर्बर नाहीत. पाटावर बसून पाय लांब करावेत तसं बसायचं आणि बुडाखाली दोन-तीन बोटांवर डांबर. आम्ही आयुष्यभर उंचावर बसून रस्ता बघितलेली माणसं. समोरचा ट्रक काय करणार ते त्याच्या टपावरून आम्हाला दिसायचं. इथे पुढच्या कार्टचं धुराडं नाकासमोर. त्यामुळे वेगाचा अंदाजच चुकतो. भाड्याच्या या गाड्या बहुतेक ठिकाणी ताशी चाळीस ते साठच्या घरात पळतात, पण चाळीसलाच ऐंशी वाटतात. पहिली फेरी संपेपर्यंत तुलाही तसंच वाटणार, तेव्हा घाबरून रेसच्या पेडलवरचा पाय काढू नकोस.

आता मुख्य गोष्ट ऐक. पायात दोनच पेडल असतात. उजवं रेस, डावं ब्रेक. क्लचचं पेडल नाही, गिअर नाही. इंजिनाचे फेरे वाढले की आतला क्लच आपोआप पकडतो, रेस सोडली की सुटतो. ऐकायला सोपं आहे. पण ज्याच्या डाव्या पायाने तीस वर्षं क्लच दाबलाय, त्याचं काय होईल सांग? मामा प्रत्येक वळणाला सवयीने डावा पाय खाली नेत आणि गाडी गपकन बसे. पाय नेमका ब्रेकवर पडे! माझंही तेच. त्यात स्टेअरिंग. एसटीचं स्टेअरिंग घाटात हात मारून मारून फिरवावं लागतं. कार्टचं नुसतं मनगटाएवढं वळवलं की गाडी वळून मोकळी. मी पहिल्याच वळणावर एसटीच्या हिशेबाने फिरवलं आणि गाडी गर्रकन उलट्या तोंडाने उभी राहिली. मागून मेस्त्रीकाका येत होता. हेल्मेटच्या आत तो मला काय म्हणाला ते बरं झालं ऐकू आलं नाही.

आणि पहिला कोण आला? कंडक्टरकाका! ज्याने जन्मात स्टेअरिंगला हात लावला नाही, सायकलवर डेपोला आला, सायकलवर घरी गेला. त्याच्या पायाला मोडायची अशी एकही सवय नव्हती. पोराने सांगितलं तसं त्याने केलं. उजवा पाय रेसला, डावा ब्रेकला, दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. शेवटचा चौकटींचा झेंडा दिसल्यावर त्याने हात वर करून दोरी ओढल्यागत केलं, एकच बेल, गाडी थांबवा! ट्रॅकवरची पोरं हसून बेजार. एक गोष्ट त्याच्या बाजूने होती हे खरं, तो सुकट बोंबलाएवढ्या वजनाचा आहे. इतक्या छोट्या इंजिनाला दहा-वीस किलोही जाणवतात. स्पर्धेत म्हणून चालकासकट गाडीचं किमान वजन ठरवलेलं असतं आणि हलक्या चालकाच्या सीटला शिशाचे तुकडे बांधतात. माझ्या पोटाचं शिसं मी घरूनच नेलं होतं.

तेव्हा ग्रुपमधल्या त्या गाडीवाल्यांचं दडपण घेऊ नकोस. रस्त्यावरची सवय तिथे फार कामाला येत नाही, काही वेळा आडवीच येते. शिवाय हेल्मेट घातल्यावर कोण कोणाला बघतंय? जो तो आपल्या वळणाच्या काळजीत असतो.

चहा पिताना मेस्त्रीकाकाने नेहमीप्रमाणे शाळा घेतली, पण त्याचं सांगणं तुझ्या उपयोगाचं आहे. बस वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मागे डिफरन्शियल असतं, ते दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतं. कार्टला ते नसतंच. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, फिरली तर दोन्ही सारखीच फिरणार. म्हणजे गाडीला मुळात सरळच जायचं असतं! ती वळते कशी, तर पुढच्या चाकांची बसवणूक अशी असते की स्टेअरिंग वळवलं की मागचं आतलं चाक रस्त्यावरून किंचित उचललं जातं, निदान त्याच्यावरचा भार जातो. वजन बाहेरच्या चाकावर पडतं आणि गाडी तोंड फिरवते. स्प्रिंग नाहीत म्हणून सांगाडाच थोडा पिळला जातो. मेस्त्रीकाका निवृत्तीच्या दिवशी शर्टासकट त्या गाडीखाली डोकं घालून हे बघत होता, त्याच्या सुनेने फोटो काढलाय.

भाड्याच्या कार्टचा ब्रेकही फक्त त्या मागच्या दांड्याला लागतो, पुढच्या चाकांना नाही. म्हणून वळणात शिरल्यावर ब्रेक मारलास तर मागचा भाग घसरून गाडी फिरते. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना मार आणि सोड. मग वळव. गाडीचं तोंड वळणानंतरच्या रस्त्याकडे झालं की रेस दे, आणि एकदा दिलीस की हयगय करू नकोस. घाटातसुद्धा आम्ही हेच करायचो. आंबा घाटाच्या उतारावर वळणात ब्रेक दाबत बसणारा ड्रायव्हर मला कधी आवडला नाही. वेग वरच मोडायचा, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं.

वळण घ्यायचं ते बाहेरून आत आणि परत बाहेर. आधी रस्त्याच्या बाहेरच्या कडेला राहा, मधोमध आतल्या कडेला टेक, निघताना पुन्हा बाहेर ये. वळण जितकं मोठं करशील तितका वेग कमी मोडावा लागतो. गंमत म्हणजे हे बाहेरून घेणं मामांना आणि मला अंगवळणी होतं, पण वेगळ्या कारणाने. बसचं मागचं चाक आत कापतं, म्हणून नाकाला बाहेर न्यावं लागतं, नाहीतर मागचं चाक गटारात. इथे तेच वेगासाठी करायचं. एवढ्या एका बाबतीत आमची नोकरी फुकट गेली नाही.

ही गाडी जन्मालाही अशीच आली, कोणाच्या तरी हाताच्या खाजेपायी. 1956 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या आर्ट इंगेल्स नावाच्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन नळ्यांच्या सांगाड्याला बसवलं. मेस्त्रीकाकाला हा माणूस फार आवडला. आणि शूमाकर माहीत आहे ना, सात वेळा फॉर्म्युला वनचा विजेता? त्याचा बाप गवंडी. पोरगा चार वर्षांचा असताना त्याने पायाने चालवायच्या कार्टला मोपेडसारखं छोटं इंजिन लावून दिलं, आणि पोराने ती दिव्याच्या खांबावर घातली. मग बापाने त्याला रस्त्यावर न ठेवता कार्टच्या क्लबात नेलं. मला त्या बापाचं कौतुक वाटतं, खांबानंतर माझ्या हातून चावी सुटली नसती. आपल्या कोल्हापूरलाही मोहित्यांचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कुस्तीच्या गावात ही पण तालीम निघाली. तुला रेसर हो म्हणत नाहीये, घाबरू नकोस.

आता जे लिहायला बसलो ते. तुझी वेणी.

सीटच्या मागे तो दांडा फिरत असतो, शेजारी साखळी असते, आणि त्यावर झाकण असेल-नसेल. 2018 मध्ये हरियाणात पिंजोरला आणि 2020 मध्ये हैदराबादजवळ, दोन्हीकडे तरुणींचे केस चाकात अडकले आणि त्या गेल्या. घरच्यांबरोबर, मित्रमैत्रिणींबरोबर मजा करायलाच गेल्या होत्या त्या. बातमी वाचली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो नीट, तुझे केस तेव्हाही कमरेपर्यंत होते. म्हणून तुला जाऊ नको म्हणणार नाही. पण हे माझ्यासमोर बसून ऐकतेयस असं समजून वाच. वेणी घट्ट घाल, अंबाडा बांध, त्यावर कापडी टोपी चढव आणि ते सगळं हेल्मेटच्या आत घाल. नुसती वेणी शर्टात खोचून भागवू नकोस, ती निसटते. ओढणी नको, स्कार्फ नको, नाड्या लोंबणारं जॅकेट नको. घट्ट पँट आणि बंद बूट, चप्पल नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसला पाहिजे, डोकं हलवलं तर हेल्मेटही डोक्याबरोबर हललं पाहिजे, वेगळं नाही. सीटला पट्टा असेल तर लाव.

आणि बसण्याआधी गाडीच्या मागे जाऊन बघ. साखळी आणि दांडा झाकलेला आहे का? नसेल तर दुसरी गाडी माग. दुसरी नसेल तर बसू नकोस. पैसे गेले तर जाऊ देत, मी देईन. तिथला माणूस म्हणेल, "काही होत नाही मॅडम, रोज शंभर लोक चालवतात." आमच्या डेपोतही असं म्हणणारे होते. मी ब्रेक ढिले असलेली गाडी कधी बाहेर काढली नाही, साहेब तोंडावर ओरडले तरी. तू त्याच घरची आहेस. बाकीचे पाच मिनिटं खोळंबले, चिडले, तर चिडू देत.

उरलेलं थोडक्यात. सुरुवातीला ते झेंडे समजावून सांगतात तेव्हा मोबाईल बघू नकोस. पिवळा दिसला की पुढे काहीतरी झालंय, वेग कमी आणि ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागच्याला वाट दे. लाल म्हणजे थांब. वाट द्यायला कमीपणा मानू नकोस, घाटात आम्हीही चढणाऱ्याला आधी वाट देतो. गाडी फिरून उभी राहिली तर खाली उतरू नकोस, हात वर करून बसून राहा, माणूस येतो. इंजिनाच्या धुराड्याला हात लावू नकोस, भाजतं. त्या जत्रेतल्या धडक-गाड्या नव्हेत, मुद्दाम ठोकणारा कोणी मित्र असेल तर त्याच्या पुढे राहण्यापेक्षा त्याला पुढे जाऊ दे. असल्या मित्राच्या गाडीत नंतर कधी बसूही नकोस, हे माझं व्यावसायिक मत.

शेवटी कागद देतात, प्रत्येक फेरीची वेळ छापलेला. बाकीच्यांचे आकडे मला नकोत. तुझ्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीत किती सेकंदांचा फरक पडला तेवढं कळव. माझ्यात बराच पडला होता, पण त्यात उलट्या तोंडाने उभा राहिलो ती फेरी धरलेली आहे.

शनिवारी सकाळच्या पुण्याच्या गाडीने भाजणी, लसणाची चटणी आणि तुझे निळे बूट पाठवतोय. स्वारगेटला गाडी लागली की ड्रायव्हरला माझं नाव सांग. पैसे खात्यात टाकलेत, दहा मिनिटांची एक खेप चांगलीच महाग असते, तेव्हा दोन खेपांचे धरलेत. पहिली खेप बिचकण्यात जाते.

आईला मी ट्रॅकवर गेल्याचं अजून बोललो नाहीये. सीटच्या कडा फासळ्यांना अशा लागतात की चार दिवस बाम चोळत होतो. तिने विचारलं तेव्हा मी तांदळाच्या पोत्याचं नाव पुढे केलं. तू रविवारी जाऊन ये, मग दिवाळीला आलीस की दोघांचं एकदमच सांगू. तुझ्यासमोर ती मला कमी बोलते.

तुझा,
बाबा