लॅपटॉपचा पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे

रेल्वे प्रवासात लॅपटॉप चोरीला जाण्याच्या प्रकारांबद्दलची आपल्या अंकातील बातमी वाचली. तक्रार कशी नोंदवावी हे त्यात नीट सांगितले आहे, पण आतल्या माहितीचे काय, हा प्रश्न राहूनच गेला. लॅपटॉप नवा घेता येतो. आधार, पॅन, बँकेचे तपशील परक्या हाती पडले की परत मिळवता येत नाहीत.

सुरुवातीचा पासवर्ड पुरेसा आहे, असा समज सर्रास आढळतो. माझाही होता. मध्यंतरी बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्तीला नेला. दुकानातल्या मुलाने स्क्रू काढून डिस्क बाहेर काढली, वायरने आपल्या संगणकाला जोडली आणि पासवर्ड न विचारताच माझ्या वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रे पडद्यावर उघडली. चोरालाही एवढेच करायचे असते.

यावर खरा उपाय म्हणजे संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणे, म्हणजे त्यातली माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवणे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट ही सोय आधीपासूनच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे एरवी डिस्क उघडेनाशी झाली तर ती उघडणारा क्रमांक, मात्र कागदावर उतरवून घरी ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पतसंस्था, रुग्णालये, क्लासेस यांनी लोकांची माहिती असलेला लॅपटॉप कर्मचाऱ्याच्या हाती देण्यापूर्वीच एन्क्रिप्शन सुरू करून द्यावे.

– एक वाचक, डोंबिवली