एक फोटो पायजे तर सगळी गॅलरी कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोन ॲपवाल्यांनी फोनमधले फोटो उचलले, वाकडेतिकडे एडिट करून नातेवाइकांना पाठवले, अशा बातम्या गेली काही वर्षं पेपरात येतच असतात आणि शेवटी सल्ला ठरलेला, अनोळखी ॲप घेऊ नका. बरोबरच आहे ते. पण मला लिहायचंय ओळखीच्या ॲपबद्दल. म्हणजे आपल्या सोसायटीचं (पतसंस्थेचं) ॲप, पोराच्या कॉलेजचं ॲप, समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं ॲप. ह्यात कोण चोर नाही, चेअरमन तर रोज सकाळी फिरायला भेटतो, पण प्रोफाइलला एक पासपोर्ट साइज फोटो लावायचा म्हटलं की हे ॲप फोनमधले सगळे फोटो आणि व्हिडिओ बघायची परमिशन मागतं, आणि आपण देतो. आमच्या शेजारच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "आलाव म्हणून दाबलं की, नायतर पुढं जाईना झालंय ते."

मी टिळकवाडीत बसून मोबाईल ॲप बनवायचं काम करतो, क्लायंट बहुतेक बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्याच भागातले, त्यामुळे ही परमिशन कुठून येते आणि का येते ते रोज बघायला मिळतं. आधी गॅलरीत असतं काय ते बघा. लोकांना वाटतं लग्नाचे आणि ट्रीपचे फोटो, बघितले तर बघूदेत. पण आता गॅलरी म्हणजे घरातलं कागदांचं कपाट झालंय. आधार कार्ड दोन्ही बाजूंनी, पासबुकचं पहिलं पान, जमिनीचा उतारा, सासऱ्यांचे हॉस्पिटलचे रिपोर्ट, एटीएम कार्डाचा फोटो (आणि पिन लिहिलेल्या चिठ्ठीचा पण, हसू नका, बघितलंय), व्हॉट्सॲपवर आलेलं काय काय, आणि बायकापोरींचे घरातले फोटो. हे सगळं एका प्रोफाइल फोटोच्या बदल्यात.

गंमत म्हणजे ह्याची गरजच नाही. फोन बनवणाऱ्यांनी सोय करून ठेवलीय. आयफोनमध्ये २०२० साली आयओएस १४ बरोबर नवा फोटो पिकर आला, अँड्रॉइडमध्ये २०२२ ला अँड्रॉइड १३ बरोबर. पिकर म्हणजे फोटो निवडायची जी खिडकी उघडते ती ॲपची नसते, फोनची स्वतःची असते. तुम्ही त्यात सगळे फोटो बघता, एक निवडता, आणि ॲपच्या हातात फक्त तो एक येतो. बाकीचे फोटो ॲपला दिसतच नाहीत, किती आहेत ते पण कळत नाही. म्हणून परमिशन विचारायचा प्रश्नच येत नाही, ती पाटीच येत नाही स्क्रीनवर. फक्त फोटो पायजे, फक्त व्हिडिओ पायजे, दोन्ही पायजे, एक पायजे का जास्तीत जास्त पाच पायजे, सगळं सांगता येतं त्याला.

ह्यावर आमच्याच धंद्यातली पोरं म्हणतात की सर आपल्याकडं लोकांचे फोन जुने आहेत. हे कारण पण आता चालत नाही. गूगलने हा पिकर अँड्रॉइड ११ आणि १२ च्या फोनला सिस्टिम अपडेटमधून दिला, त्याच्याही मागच्या फोनला प्ले सर्व्हिसेसमधून (गूगलचं फोनमध्ये आधीच असलेलं ॲप) दिला, आणि जिथं तोही नाही तिथं फोनची साधी फाईल निवडायची खिडकी आपोआप उघडते, तिलाही परमिशन लागत नाही. कोड किती, तर चार-पाच ओळी.

मग तरी सगळी गॅलरी का मागतात? एक तर युट्यूबवरचे जुने व्हिडिओ. त्यात पहिलीच पायरी असते की मॅनिफेस्टमध्ये (ॲपला काय काय लागतं त्या यादीत) स्टोरेजची परमिशन टाका, पोरगं बघून तसंच टाकतं आणि मग ते एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात कॉपी होत जातं, कोण विचारत नाही. दुसरं म्हणजे क्लायंटची हौस. मोठ्या कंपनीच्या ॲपमध्ये फोटोंची कशी छान जाळी दिसते तशी आम्हाला पायजे, आमच्या रंगात पायजे, वर आमचा लोगो पायजे. ती जाळी स्वतः बनवायची तर सगळे फोटो वाचावे लागतात. म्हणजे सोसायटीच्या हिरव्या रंगासाठी हजारो सभासदांच्या गॅलऱ्या उघड्या!

पण सगळ्यात जास्त वेळा जे होतं ते वेगळंच आहे आणि ते सविस्तर सांगतो, कारण चांगली चांगली पोरं इथंच फसतात. पिकर लावला, फोटो आला, टेस्टिंगमध्ये सगळं चाललं. दुसऱ्या दिवशी सभासदाचा फोन येतो की फोटो गेला, नुसता पांढरा चौकोन दिसतोय. झालेलं काय असतं, तर पिकर ॲपला फोटो देतो म्हणजे त्या फोटोचा पत्ता देतो आणि तो पत्ता वापरायची मुभा तात्पुरती असते, फोन बंद करून चालू केला की संपते. पोरानं तो पत्ताच डेटाबेसमध्ये लिहून ठेवलेला असतो. आता एरर बघितला तर त्यात लिहिलेलं असतं परमिशन नाही. मग पोरगं काय करणार, परमिशन टाकतं! सगळ्या गॅलरीची. आणि पिकरच्या जागी ॲपला स्वतःच गॅलरी वाचायला लावलं की पांढरा चौकोन जातो पण खरा, क्लायंट खूष, पोरगं खूष. खरा उपाय एवढाच होता की फोटो निवडला त्याच क्षणी त्याची कॉपी ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये करून घ्यायची, किंवा सर्व्हरला पाठवून मोकळं व्हायचं. मूळ फोटो ठेवायलाच हवा असेल तर तो पत्ता टिकवायची वेगळी मुभा मागून घेता येते, त्यालाही सगळी गॅलरी लागत नाही.

फोटोचे बाकीचे त्रास पण असेच आहेत, परमिशनशी त्यांचा काडीचा संबंध नाही. फोटो आडवा दिसतो, कारण कॅमेरा कसा धरला होता ते फोटोच्या फाईलमध्ये आत लिहिलेलं असतं आणि ॲप ते वाचत नाही. आयफोनचा फोटो कॉलेजच्या पोर्टलला चालत नाही, कारण तो एचईआयसी प्रकारचा असतो, २०१७ पासून आयफोन तसाच काढतो, त्याला जेपीईजी करून पाठवायचं असतं. स्वस्तातल्या फोनवर फोटो निवडला की ॲप बंद पडतं. ह्याचं गणित लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, १२ मेगापिक्सेलचा फोटो फाईल म्हणून ३-४ एमबीचा असतो पण मेमरीत पूर्ण उघडला की ४००० गुणिले ३००० गुणिले ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. आता जाहिरात करतात तसा ५० मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो असेल तर २०० एमबी. तुम्हाला दाखवायचाय अंगठ्याएवढा गोल प्रोफाइल फोटो, मग उघडतानाच लहान करून उघडा की.

व्हिडिओचं तर विचारूच नका. गेल्या काही वर्षांत सगळ्यांना व्हिडिओ पायजे झालाय, मंडळांना देखाव्याचा, शाळेला पोरांच्या भाषणाचा, विमावाल्यांना गाडी ठोकल्याचा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं, साध्या एचडी व्हिडिओला मिनिटाला ६० एमबी, फोरके असेल तर १७० एमबी. आता कणकुंबीत किंवा जांबोटीत पावसाळ्यात घराबाहेर येऊन एक दांडी रेंज पकडणाऱ्या माणसाला सांगा तीन मिनिटांचा व्हिडिओ अपलोड कर म्हणून. ९० टक्क्यावर जाऊन तुटतं आणि परत शून्यापासून. इथं डेव्हलपरनं डोकं लावायला पायजे. व्हिडिओ फोनमध्येच आधी बारीक करा, निवडतानाच सांगा की एक मिनिटापेक्षा मोठा नको, तुकडे करून पाठवा म्हणजे रेंज गेली तर राहिला तिथून पुढं सुरू होईल. ह्या कामाला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि दिसत काहीच नाही, म्हणून कोटेशनमधून पहिल्यांदा हेच कापलं जातं.

हां, काही ॲपना सगळी गॅलरी खरोखरच लागते. गॅलरी ॲप स्वतः, बॅकअप घेणारं ॲप, फोटो एडिटिंगचं ॲप. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. गूगलने प्ले स्टोअरवर नियमच केला की कधीतरी एखादा फोटो लागणाऱ्या ॲपने पिकरच वापरायचा, सगळ्या गॅलरीची परमिशन पायजे असेल तर कारण लिहून द्यायचं, आणि २०२५ मध्ये तो पूर्ण लागू केला. पण आपल्याकडं अर्धी ॲपं प्ले स्टोअरवर जातातच कुठं? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एपीके फाईल (प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायची फाईल) येते, खाली लिहिलेलं असतं सर्व सभासदांनी डाउनलोड करून घ्यावे ही विनंती. तिथं गूगलचा नियम पोचत नाही.

कायदा मात्र पोचतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती घ्यायची ती कामापुरत्याच माहितीची. त्या कायद्यातच उदाहरण दिलंय, एखाद्या टेलिमेडिसिन ॲपने फोनमधली नंबरांची यादी मागितली आणि माणसानं हो म्हटलं, तरी ती यादी डॉक्टरी सेवेला लागत नाही, त्यामुळे तेवढी संमती धरायचीच नाही. गॅलरीला हेच लावून बघा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बरीच बंधनं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे आज ॲप बनवायला दिलं तर ते त्या कायद्यातच येऊन पडणार. रिझर्व्ह बँकेनं तर २ सप्टेंबर २०२२ लाच डिजिटल कर्ज देणाऱ्यांना सांगितलंय की फोनमधल्या फाइली, फोटो, नंबर, कॉल लॉग ह्यांना हात लावायचा नाही, केवायसीपुरता कॅमेरा, माइक, लोकेशन एकदा घ्यायला हरकत नाही. तो नियम बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांना) आहे, आपल्याकडच्या सौहार्द सहकारी आणि इतर पतसंस्था त्यात थेट येत नाहीत. पण जे शहाणपण बँकेला लागतं ते सोसायटीला नको असं कोण म्हणेल? सभासद तर तेच आहेत.

भाषेचंही आहे. ह्याच कायद्यात आहे की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायला पायजे, म्हणजे मराठी पण आली आणि कन्नड पण. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवरून एवढी वर्षं वाद चाललेत, पण गॅलरी मागणारी पाटी फोन इंग्रजीत ठेवणाऱ्या सगळ्यांना इंग्रजीतच येते आणि त्यावर आजपर्यंत एक मोर्चा निघालेला नाही. आयफोनवर त्या पाटीत "फोटो कशाला पायजे" हे वाक्य डेव्हलपरलाच लिहावं लागतं, ते दोन्ही भाषांत लिहायला दहा मिनिटं लागतात.

माझं म्हणणं मुख्य आहे ते ॲप बनवून घेणाऱ्यांना, म्हणजे संचालक मंडळ, संस्थाचालक, मंडळाचे अध्यक्ष. कोटेशन मागवताना रेट आणि तारीख विचारता तसं लेखी घ्या की फोटो-व्हिडिओसाठी फोनचा पिकर वापरू, गॅलरीची परमिशन मागणार नाही. ॲप हातात आलं की बिल द्यायच्या आधी स्वतःच्या फोनवर टाका, सेटिंगमध्ये त्या ॲपच्या परमिशनमध्ये जा, तिथं फोटो-व्हिडिओ असं काही दिसलं तर विचारा का आहे. टेस्टिंगसाठी लागतंय म्हणाला तर परत पाठवा. सभासदांचे आलेले फोटो सर्व्हरवर किती दिवस राहणार आणि कोण पुसणार हे पण विचारा, ते कुणाच्या डोक्यातच नसतं.

आणि वापरणाऱ्यांनी, ॲपने मागितलंच तर अँड्रॉइड १४ पासून तिथं "सिलेक्ट फोटोज अँड व्हिडिओज" असा किंवा त्याच अर्थाचा पर्याय येतो, आयफोनवर "लिमिट ॲक्सेस" येतो, तो दाबा आणि एकच फोटो द्या. आधी दिलेली परमिशन सेटिंगमधून काढता येते, फोटो लावून झाला असेल तर ॲपचं सहसा काही बिघडत नाही. ह्याच्यावर ॲप अडून बसलं, सगळे द्या नाहीतर पुढं जाऊ देणार नाही म्हणालं, तर सोसायटीच्या ऑफिसात जाऊन तोंडी नाही, अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. डेव्हलपरला सभासदाचा फोन लागत नाही पण मॅनेजरचा लागतो.

संपादक साहेब, एक विनंती तुम्हालाही. दिवाळीत पोरांच्या किल्ल्यांचे फोटो पेपर मागवतात तेव्हा ते ॲपवरून किंवा वेबसाइटवरून घेणार असाल तर घेणाऱ्याला सांगा, पिकर लावा, पोराचा चेहरा नको, फक्त किल्ला पायजे असं वर मोठ्या अक्षरात लिहा, आणि छापून झालं की पुसून टाका.

आपला,
एक वाचक आणि ॲप डेव्हलपर
टिळकवाडी, बेळगाव