पाळणाघरांकडे कोणी बघणार का?

संपादक साहेब, नमस्कार.

माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे, आम्ही ऐरोलीत राहतो, दोघंही नोकरीला, त्यामुळे गेल्या सहा महिन्यांत पाळणाघरं बरीच पाहिली. बहुतेक वन बीएचकेमध्ये, खिडक्या बंद, दिवसभर एसी आणि खाली वास मारणाऱ्या फोमच्या मॅट. बाल्कनीतली प्लास्टिकची घसरगुंडी उन्हाने तडकलेली. ती टाकून नवीन आणणार म्हणे, म्हणजे दरवर्षी कचरा. अहो, रांगतं बाळ दिसेल ते तोंडात घालतं, त्याला हे चालतं का?

आपल्याकडे जाड गोधडी आहे, धुता येते, वर्षानुवर्षं टिकते. पांगुळगाडा आहे, बाळ स्वतः उभं राहून ढकलतं. आत बसवायचे वॉकर तर बालरोगतज्ज्ञच नको म्हणतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत, कारखान्यातली खेळणी घेतलीत तर 2021 पासून त्यांवर आयएसआय मार्क लागतो तो बघून घ्या. भिंतीच्या रंगातही शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90) जास्त नको असा नियम आहे, पण डबा वाचतो कोण! आणि सुती लंगोट वापरायचे तर वाळत घालायला उन्हाची जागा पाहिजे, ती प्लॅनमध्येच ठेवायला हवी.

प्रसूती लाभ कायद्यात 2017 मध्ये झालेल्या बदलाने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. इथे एवढी आयटी पार्क आहेत, त्यांनी आणि महापालिकेने मिळून तळमजल्यावर, झाडाच्या सावलीत दोन-चार चांगली पाळणाघरं उभी करावीत, एवढीच कळकळीची विनंती.

– एक आई, ऐरोली, नवी मुंबई